वाकेल पण मोडणार नाही : घरच्या घरी गिटारचा साइड बेंडर

गेल्या महिन्यात गिटारच्या वरच्या फळीबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की साइड वाकवायचं मशीन घरीही बनतं, तर झालं, या महिन्याची निम्मी पत्रं त्यावरच. म्हणून हे सदर या वेळी सगळं साइड बेंडरलाच देऊन टाकलंय. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अकूस्टिक गिटारच्या पुढच्या आणि मागच्या फळीला जोडणारी जी कंबर घेतलेली कड असते ती दोन पातळ पट्ट्यांची असते, सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास जाड, त्या सरळ पट्ट्या गरम करून आकारात वाकवाव्या लागतात आणि ते काम करणारं यंत्र म्हणजे साइड बेंडर.

प्रश्न : घरचं सगळं फर्निचर मी स्वतः केलंय, आता ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद बॉडीची अकूस्टिक) गिटार करायची आहे. बाहेरून बेंडर मागवला तर कस्टम धरून गिटारच्या सामानापेक्षा बेंडर महाग पडतोय. घरी होईल का? नक्की काय काय लागतं? – एक वाचक, नाशिक

होईल की. फर्निचर केलंय म्हणजे प्लाय कापणं, काटकोन धरणं हाताला आहेच, बाकी यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही. आज छोटे गिटारमेकर जो बेंडर वापरतात तो बहुतेक ठिकाणी चार्ल्स फॉक्स या अमेरिकन गिटारमेकरच्या डिझाइनवरून आलेला आहे, म्हणून त्याला फॉक्स बेंडरच म्हणतात. आपण करायचा तोही त्याचाच गरीब भाऊ.

आधी फॉर्म, म्हणजे साइड ज्यावर दाबून वाकवायची तो साचा. गिटारची अर्धी आउटलाइन आडवी ठेवली की दोन उंचवटे, म्हणजे फुगे, आणि मधे कंबरेचा खळगा दिसतो, तेवढ्या आकाराच्या १८ मिमी प्लायच्या दोन सारख्या प्रोफाइल कापायच्या आणि मधे ठोकळे घालून एकूण रुंदी १५० मिमी होईल अशा जोडायच्या, कारण साइडची पट्टी शेपटाकडे सव्वाशे मिमीच्या आसपास असते आणि दोन्हीकडे थोडी मोकळी जागा लागते. वरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा मारा. ड्रेडनॉटची मापं बाहेरून साधारण अशी, खालचा फुगा ३९७ मिमी, वरचा २९२, कंबर २७५च्या आसपास, बॉडीची लांबी ५०८. पण ही रेषा जशीच्या तशी प्लायवर उतरवू नका! ही गिटारची बाहेरची रेषा आहे आणि फॉर्म बसतो आतून, तेव्हा त्यातून साइडची जाडी वजा करा, खालच्या पत्र्याची जाडी वजा करा आणि ब्लँकेट (साइड तापवणारी विजेची पट्टी, तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात) साइडच्या खाली ठेवणार असाल तर त्याचीही जाडी वजा करा. आणखी एक, सेंटर लाइनवर प्रोफाइल संपवायचं नाही, दोन्ही टोकांना वळण ४०-५० मिमी पुढे चालू ठेवायचं. नाहीतर दोन साइड जिथे जुळतात तिथे आतून लावायचा लाकडी ठोकळा, म्हणजे ब्लॉक, नेमका तो चिकटवायच्या जागीच साइड सरळ राहते आणि मग क्लॅम्प लावून लावून माणूस वैतागतो.

मग चौकट. फॉर्मच्या दोन्ही बाजूंना उभे प्लाय, खाली तळ, वर कंबरेच्या बरोबर डोक्यावर एक जाड आडवी पट्टी, त्या पट्टीत नट घट्ट बसवून त्यातून १२ मिमीचा आट्यांचा रॉड. रॉडला वर हँडल, खाली कंबरेच्या गोलाईचा लाकडी ठोकळा. रॉड फिरला तरी ठोकळा फिरता कामा नये, म्हणून रॉडचं टोक ठोकळ्यात वॉशरवर मोकळं फिरेल असं ठेवा, जुनं छोटं बेअरिंग मिळालं तर उत्तमच.

राहिले दोन फुगे दाबणारे. फॉर्मच्या रुंदीएवढा पाइपचा तुकडा नाहीतर गोल दांडा आडवा धरायचा, त्याच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग आणि स्प्रिंगचं दुसरं टोक खाली चौकटीच्या हुकात. जाळीच्या दरवाज्याला लावतात तसल्या लांब स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्या चालतात. दांडा कंबरेपासून टोकाकडे सरकवत न्यायचा, स्प्रिंगच्या ताणामुळे तो साइडला फॉर्मवर दाबत दाबत खाली उतरतो.

आणि पत्रे, यात कंजूषी नको. साइडच्या वर एक आणि खाली एक असे दोन, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, स्टेनलेसचे आणि कडक म्हणजे स्प्रिंगसारखे. वाकवून सोडला की सरळ व्हायला हवा, साधा मऊ पत्रा एकदा दुमडला की ती घडी पुढच्या प्रत्येक साइडवर उमटते. वरचा पत्रा जास्त महत्त्वाचा. गरम ओलं लाकूड दाबलं तर पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत दबतं पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांवर हात टेकतं, म्हणून साइड फुटते ती नेहमी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, आतल्या नाही. वरचा पत्रा त्या बाहेरच्या तंतूंना वर उचलायला जागाच देत नाही.

चौकट थोडी वेडीवाकडी झाली तरी चालेल, खरंच. साइडची जाडी मात्र सगळीकडे सारखी पाहिजे. त्याबद्दल सांगलीच्या पत्राला उत्तर देताना बोलतोच.

प्रश्न : आमच्याकडे आता मोठे पिवळे बल्ब मिळत नाहीत. हीटिंग ब्लँकेट घ्यावं का? का गीझरची कॉइल बसवू? माझा मावसभाऊ अमेरिकेतून येतोय, त्याच्याकडून ब्लँकेट मागवायचा विचार आहे. – एक वाचक, कोल्हापूर

गीझरची कॉइल आधी डोक्यातून काढा. ती पाण्यात बुडवून चालवायची वस्तू आहे, हवेत लावली तर काही मिनिटांत लालबुंद होऊन जळते आणि वर तुमचा प्लायचा फॉर्म!

मूळ डिझाइनमध्ये साइड तापवायला बल्बच होते, फॉर्मच्या पोटात तीन बल्ब, एक कंबरेखाली आणि एकेक फुग्याखाली. १५०-२०० वॉटचे मिळाले तर आजही काम होतं, फक्त तापायला वेळ लागतो आणि बल्बच्या बरोबर वर जास्त तापतं. एलईडीने होणार नाही हे सांगायला नको, पण तसा प्रश्नही आलाय म्हणून सांगून टाकतो.

ब्लँकेट म्हणजे सिलिकॉन रबरात तारा बसवलेली लवचीक पट्टी. साइडसाठी ६ बाय ३६ इंचाचं, दर चौरस इंचाला ५ वॉटवालं बघा, हिशोब करा, २१६ चौरस इंच गुणिले ५ म्हणजे १०८० वॉट. २३० व्होल्टवर पावणेपाच अँपिअर, तेव्हा गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, पंख्याच्या छोट्या सॉकेटवर नको. १० वॉटवालंही मिळतं, ते फार झपाट्याने तापतं, पहिल्या गिटारला त्याच्या नादी लागू नका.

आता मावसभाऊ. तिकडची ब्लँकेटं बहुतेक ११५ व्होल्टची असतात, ते तुम्ही इथे सरळ लावलं तर करंट दुप्पट आणि वॉट चौपट, म्हणजे १०८०चं ब्लँकेट ४३०० वॉट खेचणार आणि गिटारच्या आधी तेच भाजून निघणार. त्याला ऑर्डर देतानाच २३० व्होल्टचं सांगा, बनवून देणारे देतात. किंवा त्याला चॉकलेटं आणू द्या, इथे औद्योगिक हीटर बनवणारे मापाप्रमाणे करून देतात.

कंट्रोलसाठी पंख्याचा रेग्युलेटर नको, एवढा लोड तो सोसणार नाही. पीआयडी कंट्रोलर (ठरवलेलं तापमान राखणारा), एसएसआर (त्याच्या सांगण्यावरून ब्लँकेट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि के टाइपचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घ्या, तिन्ही वस्तू इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहज मिळतात. एसएसआरला हीटसिंक लावायचाच, तो गरम होतो. थर्मोकपल ब्लँकेट आणि पत्र्याच्या मधे ठेवा, बाहेर लटकवलंत तर तो खोलीचं तापमान दाखवत बसेल आणि आत लाकूड जळत असेल. ब्लँकेट कधीही दुमडून किंवा स्वतःवर चढवून चालू करायचं नाही आणि त्याचं टोक फॉर्मच्या बाहेर हवेत लोंबकळतंय असंही ठेवायचं नाही, तेवढाच भाग उष्णता द्यायला काही नसल्यामुळे जास्त तापून जातो.

आणि हे गमतीत घेऊ नका : इथे पाणी, धातूचे पत्रे आणि वीज तिन्ही एकत्र आहेत. पत्र्यांना आणि चौकटीतल्या धातूला अर्थिंग द्या, घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा, नसेल तर वायरमनला बोलवा आणि मगच पुढचं. चालू बेंडर सोडून चहाला जायचं नाही.

प्रश्न : मशीन तयार आहे, वाकवायचा क्रम काय? आधी कंबर का आधी फुगे? – एक वाचक, ठाणे

आधी कंबर, पण पूर्ण नाही.

पहिल्यांदा पट्ट्यांवर पेन्सिलने लिहा, डावी कुठली, उजवी कुठली, बाहेरची बाजू कुठली, कंबरेची रेघ कुठे आणि मानेचं टोक कुठलं. दोन्ही साइड एकाच फळीतून चिरून पुस्तकासारख्या उघडलेल्या असतात, त्या एकमेकींचं आरशातलं रूप व्हायला पाहिजेत. न लिहिता वाकवलं की दोन डाव्या साइड होतात आणि मग दोन गिटार कराव्या लागतात!

लाकडावर दोन्ही बाजूंनी पाणी फवारा, भिजवून टबात ठेवायची गरज नाही. ओल्या साइडभोवती खाकी कागद गुंडाळा, तोही ओला. वर्तमानपत्र नको, शाई उमटते. मग थर असा : खाली पत्रा, त्यावर कागदात गुंडाळलेली साइड, त्यावर ब्लँकेट, सर्वात वर दुसरा पत्रा. कडा जुळवून दोन-तीन ठिकाणी हीटप्रूफ टेप मारा. कंबरेची रेघ बरोबर ठोकळ्याखाली येतेय ना बघा आणि रॉड नुसता टेकेपर्यंत खाली घ्या.

ब्लँकेट चालू. शंभर अंश सेल्सियसच्या आसपास कडांतून वाफ यायला लागते, हलकी सुरसुर ऐकू येते, शिसवी असेल तर एक गोडसर वास सुटतो आणि कागदावर जांभळट डाग उतरायला लागतो. तेव्हा लगेच हँडलवर तुटून पडू नका. १२०-१३०ला आलं की अर्धा फेरा, थांबा, अर्धा फेरा, थांबा. हाताला कळतं, लाकूड अजून तयार नसेल तर हँडल उलटं ढकलल्यासारखं वाटतं आणि तयार झालं की एकदम ढिलं पडतं, जणू कोणी आतून हात सोडला. त्या ढिल्या पडण्याची वाट बघायची. बारीक कुरकुर चालते, पण टक् असा कोरडा आवाज आला की तिथेच थांबायचं.

कंबर तळाला टेकायला १०-१२ मिमी राहिले की सोडून द्या आणि खालच्या फुग्याचा दांडा स्प्रिंगसकट हळूहळू टोकाकडे सरकवत हुकात अडकवा, मग वरच्या फुग्याचा. दोन्ही बसले की उरलेली कंबर दाबून पूर्ण करा. कंबर आधीच पूर्ण दाबली तर फुगे ओढताना साइडला सरकायला जागा उरत नाही आणि सगळा ताण कंबरेच्या बाजूला येतो. हे सगळं पाणी आत आहे तोवर, म्हणजे वाफ सुटल्यापासून काही मिनिटांतच उरकायचं, रेंगाळलात तर साइड आत कोरडी पडते.

आकार बसल्यावर १५०पर्यंत नेऊन पाचेक मिनिटं, मग १२०वर आणून दहा मिनिटं सुकू द्या आणि बंद. आता रात्रभर हात लावायचा नाही. खरंच नाही, डोकावूनही बघायचं नाही. लाकडातलं लिग्निन उष्णतेने मऊ होतं म्हणून साइड वाकते आणि थंड होताना त्याच आकारात परत घट्ट होते, गरम असताना काढली तर ती तुमच्या डोळ्यांदेखत उघडते.

प्रश्न : मी घरगुती बेंडरवर सागवानाची साइड वाकवली, कंबरेला फुटली. दुसरी शिसवीची, तीही तिथेच फुटली. तापमान बरोबर होतं. मिरज शेजारीच आहे, तिथल्या कारागिरांकडे काही युक्ती असेल का? – एक वाचक, सांगली

मिरजेचं आधी. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालं, पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे, पण तुमच्या प्रश्नाला तिथे उत्तर नाही कारण त्यांना कड वाकवावीच लागत नाही, भोपळा वेलीवरच गोल होऊन येतो! दांडी कोरून काढतात. लाकूड कसं निवडायचं, कुठली फळी वाजेल आणि कुठली नाही, हे शिकायला मात्र जरूर जा.

आता तुमची साइड. दोन वेगळ्या लाकडांच्या साइड एकाच जागी फुटल्या म्हणजे लाकडाला दोष देऊ नका, कॅलिपर काढा. पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला, मधे आणि दोन्ही कडांना मोजा आणि आकडे तिथेच पेन्सिलने लिहा. माझी पैज, कंबरेच्या आसपास कुठेतरी २.५ आणि त्याच्या शेजारी २ निघेल. वाकताना लाकूड नेहमी पातळ जागा शोधतं, सगळं वळण तिथेच गोळा होतं आणि तिथेच तडकतं, शेजारची जाड जागा ढिम्म सरळ राहते. हाताने रंधा मारून जाडी आणणाऱ्यांचं हे हमखास होतं. ड्रम सँडर असलेल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चार पैसे देऊन पट्ट्या काढून आणा. शिसवीला २.१ ते २.२, मॅहोगनीला तेवढंच, लहरीदार मेपलला २च्या खाली, आणि पूर्ण पट्टीभर फरक एक दशांश मिमीपेक्षा जास्त नको.

जाडीचं गणित सोपं आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ताण किती, तर जाडीचा निम्मा भागिले वळणाची त्रिज्या. २.२ मिमीची साइड १०० मिमी त्रिज्येवर वाकवली तर १.१ टक्का, म्हणजे लाकूड कुरकुरत का होईना सोसतं. तीच कटअवेच्या (वरच्या पट्ट्यांपर्यंत हात जावा म्हणून मानेजवळ बॉडीला दिलेल्या खाचेच्या) ३० मिमी त्रिज्येवर नेली तर पावणेचार टक्के! म्हणून तेवढा भाग १.८ किंवा त्याहून पातळ करतात आणि तरीही घाम फुटतो.

दुसरं बघा, तंतू. पट्टीच्या कडेवर नजर टाका, तंतू कडेला समांतर शेवटपर्यंत जातायत का मधेच तिरके होऊन पृष्ठभागावर संपतायत. संपत असतील तर त्या जागी साइड थराथराने उचकटणार, मशीन कितीही भारी असो. वखारीत फळी घेताना तिरकस तंतूंची फळी फर्निचरला चालते, साइडला नाही. सागवानात तेल असतं म्हणून ब्लॉक आणि लायनिंग (साइडच्या कडांना आतून लावायच्या बारीक लाकडी पट्ट्या) चिकटवायच्या आधी ती जागा ताजी घासून घ्या, पण वाकवायला साग वाईट नाही, सरळ तंतूंचा क्वार्टर सॉन (वाढीची वलयं फळीच्या पृष्ठभागाला उभी येतील असा चिरलेला) मिळाला तर. मला स्वतःला पहिल्या गिटारसाठी मॅहोगनी किंवा शिसवीच बरी वाटते. शिसवी वाकवायला फार समजूतदार लाकूड आहे, नवशिक्यांनी लहरीदार मेपल का घ्यावं हे मला कधीच कळलेलं नाही.

प्रश्न : काका, मी पॉलिटेक्निकला आहे. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी पाइप लावून लाकडी पेटीत वाफ सोडली आणि साइड त्यात ठेवली तर? ब्लँकेटचा खर्च वाचेल. – एक विद्यार्थी, रत्नागिरी

अरे बाबा, कुकरला हात लावू नकोस, आधी आईला विचार आणि ती काय म्हणते ते मला कळव.

वाफेची पेटी ही खरी पद्धत आहे, होडीच्या फासळ्या, खुर्च्यांच्या कमानी तशाच वाकवतात, ढोबळ हिशोब इंचभर जाडीला तासभर वाफ. पण इंचभर जाडीचं लाकूड पेटीतून काढल्यावर काही वेळ गरम राहतं. तुझी साइड दोन मिलिमीटर, पेटीतून काढून साच्यापर्यंत नेईस्तोवर ती गार. वर ती पाणी पिऊन फुगलेली, मग सुकताना आडवी वाकते, तिला पन्हळ पडते. साइडला उष्णता लागते ती वाकत असताना आणि वाकल्यानंतरही, ते वाफेच्या पेटीत होत नाही. खर्च वाचवायचा असेल तर पुढचं उत्तर वाच, तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

प्रश्न : मला युकुलेले करायचे आहेत, एवढा मोठा बेंडर करायची इच्छा नाही. तापलेल्या पाइपवर वाकवतात ते कितपत जमेल? – एक वाचक, म्हापसा

जमेल, आणि युकुलेलेला तेच करा. व्हायोलिनच्या साइड, ज्या जेमतेम एक मिलिमीटर असतात, त्या आजही तापवलेल्या लोखंडावरच वाकवतात आणि स्पॅनिश गिटारही कित्येक वर्षं तशीच होत आलीय. ५०-६० मिमी व्यासाचा जाड भिंतीचा पाइप आडवा व्हाइसमध्ये पकडा, आतून टॉर्चची छोटी ज्योत, दुसरं टोक थोडं झाका पण बंद करू नका. खोली मोकळी, खिडक्या उघड्या आणि शेजारी भुसा नाही.

पाइपवर पाण्याचा थेंब टाका. नुसता बसून राहिला तर थंड आहे, चर्र होऊन पटकन उडाला तर बरोबर, आणि गोळी होऊन नाचत घरंगळला तर जास्त तापलाय, थोडं थांबा. साइड दीड मिलिमीटर, ओली, पाइपवर ठेवून मागून पातळ पत्र्याची पट्टी धरायची आणि सतत डुलवत राहायची, एका जागी थांबलात की तिथे कोपरा पडतो आणि तो कोपरा आयुष्यभर दिसतो. कागदावर आउटलाइन काढून दर मिनिटाला त्यावर ठेवून बघा. बेंडर असणाऱ्यांनाही पाइप लागतोच, बेंडरमधून निघालेली साइड कुठेतरी थोडी चुकलेली असते, ती पाइपवरच दुरुस्त होते.

प्रश्न : साइड छान वाकली पण जागोजागी निळे-काळे डाग पडले. पॉलिश करून झाकले जातील का? – एक वाचक, नागपूर

नाही, उलट उठून दिसतील. तुमचा पत्रा साधा लोखंडी आहे ना? ओल्या लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की हे होतं. स्टेनलेस घ्या, किंवा साइड आणि पत्र्याच्या मधे ॲल्युमिनियमची फॉइल घाला, फॉइलने वाफही आत राहते. पडलेले डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने बरेचसे जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा आणि सुकल्यावर घासताना मास्क लावा, ती पूड नाकात जाऊ देऊ नका. डाग काळे नसून तपकिरी असतील तर मात्र ते जळल्याचे, ते घासूनच जातील, खोल असतील तर नाही जाणार.

बऱ्याच जणांनी विचारलंय की कपड्यांचं सॉफ्टनर पाण्यात घालून फवारलं तर लाकूड मऊ होतं का. काही मेकर वापरतात, लहरीदार लाकडाला फायदा होतो असं ते सांगतात. मी साधं पाणीच वापरतो, ज्या पृष्ठभागावर उद्या गोंद लावायचा आहे त्यावर आज सॉफ्टनर कशाला.

प्रश्न : बेंडरमधून काढल्यावर साइड फॉर्मला तंतोतंत होती, आठवड्याने बघतो तर दोन्ही टोकं उघडलेली. पावसाळ्यामुळे? – एक वाचक, अलिबाग

पावसाळ्यामुळेही आणि आठवड्यामुळेही. वाकवलेली साइड मोकळी ठेवायची वस्तूच नाही. वाकलेल्या लाकडाला दमट हवा लागली की ते थोडं थोडं मागे जातं, कोकणात जुलैमध्ये तर विचारूच नका. बेंडरमधून काढायच्या आधी दुसऱ्या दिवशी पाणी न मारता परत एकदा १४०-१५०पर्यंत तापवून गार होऊ द्या, याने पुष्कळ फरक पडतो. मग काढली की थेट बाहेरच्या साच्यात, आतून कंबरेला आणि फुग्यांना ताणणारे स्प्रेडर लावून. शक्यतो लगेच दोन्ही टोकांचे ब्लॉक आणि लायनिंग चिकटवून टाका, लायनिंग बसली की साइड कुठे जात नाही.

तुमची उघडलेली साइड वाया गेलेली नाही, हलकं पाणी मारून परत बेंडरवर चढवा. थोडं उघडणार हे गृहीत धरून काही जण फॉर्मची वळणं किंचित जास्त घट्ट ठेवतात, मलाही ते पटतं, कारण जास्त वाकलेली साइड साच्यात उघडणं सोपं, कमी वाकलेली दाबून बसवली की ती बॉडीत कायम ताण ठेवते. पुढची-मागची फळी चिकटवायचं काम मात्र पावसाळ्यात नकोच, ते ४५-५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत करायचं, म्हणजे तुमच्याकडे एकतर डीह्युमिडिफायर नाहीतर डिसेंबर.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, बाबांसाठी इथे गिटार करतेय. पुढच्या महिन्यात गावी येणार आहे, परत जाताना शिसवीच्या साइड बॅगेतून नेता येतील ना? – एक वाचक, न्यू जर्सी

नका नेऊ. शिसवीच्या सगळ्या कुळावर २०१७पासून साइट्सची (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) बंधनं आहेत. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना सूट मिळाली, पण चिरलेल्या कच्च्या पट्ट्या त्यात बसत नाहीत, त्यांना कागदपत्रं लागतात. तिथल्याच गिटारच्या लाकडाच्या दुकानात भारतातली शिसवी रीतसर आयात केलेली मिळते, जाडीही सारखी करून देतात. इथून बाबांना काय आवडतं ते विचारून जा.

प्रश्न : ड्रेडनॉटसाठी केलेल्या बेंडरवर ओएम (ड्रेडनॉटपेक्षा थोडी लहान बॉडी) आणि कटअवे होईल का? – एक वाचक, पुणे

चौकट तीच, फॉर्म वेगळा. म्हणून पहिल्यापासूनच फॉर्म चौकटीला खिळ्यांनी ठोकू नका, खाली दोन बोल्टवर ठेवा, काढून दुसरा बसवता येतो. ओएमचा खालचा फुगा ३८१ मिमीच्या आसपास आहे, चौकट ड्रेडनॉटची असेल तर आरामात बसतो. कंबरेची जागा मात्र थोडी सरकते, तेव्हा रॉडची आडवी पट्टी पुढे-मागे होईल अशी खाच आधीच ठेवा.

कटअवेसाठी वरच्या फुग्याच्या जागी उलटं वळण येतं, त्याला स्वतःचा दुसरा रॉड आणि दुसरा छोटा ठोकळा लागतो, शिवाय कटअवेचा फॉर्म एकाच बाजूचा असल्यामुळे दुसऱ्या साइडसाठी साधा फॉर्म वेगळा. दोन साध्या गिटार हातावेगळ्या करा, मग हा उद्योग. आणि तोही आधी स्वस्तातल्या लाकडाच्या १.८ मिमीच्या पट्टीवर.